चौथ्या 'अवतार'चे नाव 'द टुलकून रायडर' असावे का?

हर्णैची वाचक

'अवतार' या चित्रपट मालिकेच्या चौथ्या भागाचे नाव 'द टुलकून रायडर' असणार, ही वदंता तिसरा भाग येऊन गेल्यापासून पुन्हा जोर धरू लागली आहे. टुलकून म्हणजे चित्रपटातल्या पँडोरा या काल्पनिक जगातला देवमाशासारखा जीव आणि 'रायडर' म्हणजे स्वार. आपल्या दापोली-हर्णै भागातील काही चाहत्यांनी तर हे नाव पक्केच धरून पुढची कथा रचायला घेतली आहे. माझे मत आरंभीच सांगते : हे नाव ठेवले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यामागची कारणे नीट मांडता यावीत आणि आपलीही मते कळावीत, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी 'फायर अँड ॲश' हा तिसरा भाग अजून पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे कथेतील काही गोष्टी उघड होणार आहेत.

आधी हे नाव आले कुठून, ते पाहू. नोव्हेंबर २०१८ मध्ये बीबीसीने पुढच्या चार भागांची म्हणून चार नावे प्रसिद्ध केली : 'द वे ऑफ वॉटर', 'द सीड बेअरर', 'द टुलकून रायडर' आणि 'द क्वेस्ट फॉर एवा'. पुढच्याच महिन्यात दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी इतकेच मान्य केले, की ही नावे विचाराधीन नावांपैकी आहेत आणि अंतिम निर्णय झालेला नाही. त्यांपैकी पहिले नाव एप्रिल २०२२ मध्ये अधिकृत झाले. दुसरे मात्र गळाले, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये तिसऱ्या भागाचे नाव 'फायर अँड ॲश' असल्याचे जाहीर झाले. म्हणजे ज्या यादीच्या भरवशावर आज सगळे बोलत आहेत, तिच्यातील दोन नावांची वेळ आतापर्यंत आली. त्यांतले एक टिकले आणि एक बाद झाले. चौथ्या भागाची तारीख २१ डिसेंबर २०२९ अशी देण्यात आली आहे. नाव मात्र अधिकृतपणे कोणीही सांगितलेले नाही.

आता माझा आक्षेप. मेटकायना, म्हणजे पँडोरावरचे समुद्राकाठचे लोक, समुद्रात इलूवर बसतात, लढाईला निघाले की स्किमविंगवर बसतात. हे प्राणी त्यांची वाहने आहेत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. टुलकूनची गोष्ट वेगळी आहे. टुलकूनला नाव असते, नातलग असतात, गाणी असतात, पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण असते आणि स्वतःचा कायदा असतो. जीव घ्यायचा नाही, मग कारण कितीही न्याय्य असो, असा तो कायदा आहे आणि तो मोडल्यामुळेच पायाकान हा टुलकून वाळीत टाकला गेला. मेटकायनांची रोनाल ज्या रोआ या टुलकूनला आपली बहीण मानते, ती रोआ गाणी रचणारी होती. शिकारी तिला आणि तिच्या पिल्लाला मारतात, मेंदूतून अम्रिता या मौल्यवान द्रवाची एक कुपी काढतात आणि बाकीचा प्रचंड देह तसाच सोडून देतात. असे ज्यांच्याविषयी दाखवले, त्यांच्या नावापुढे 'स्वार' लावले की ते पुन्हा पाठीवर बसायचे जनावर होतात. चित्रपटाने तीन तास जे समजावले, ते त्याच्याच पुढच्या भागाचे नाव दोन शब्दांत खोडून टाकेल.

पायाकान आणि कथानायक जेकचा मुलगा लोआक यांची मैत्री कशी सुरू झाली, ते आठवून पाहावे. पायाकानच्या तुटक्या परामध्ये (पोहायच्या पंखामध्ये) शिकाऱ्यांचे लोखंड रुतलेले असते. लोआक घाबरत घाबरत जवळ जातो, ते लोखंड उपसून काढतो आणि त्यानंतर पायाकान आपला पर त्याच्यापुढे करतो. पोरगा तो पर धरून त्याच्यासोबत पोहतो. या क्रमाला माझ्या लेखी फार महत्त्व आहे : आधी काटा काढला, मग बोलावणे आले. 'स्वार' या शब्दात यातले काहीच उरत नाही.

मालवणकर

ताई, आपण इतक्या आस्थेने लिहिले आहे, की विरोध करताना शब्द जपून वापरावे लागत आहेत. तरीही मला हे नाव आवडते आणि ते बदलू नये असेच मी म्हणेन.

आपण 'स्वार' हा शब्द आपल्या जगातल्या अर्थाने घेत आहात. पँडोरावर त्याला दुसरे वजन आहे. पहिल्या भागात नेतिरी, जी पुढे जेकची पत्नी होते, त्याला तोरुक या प्रचंड शिकारी पक्ष्याची कवटी दाखवते आणि सांगते, की आद्य गीतांच्या काळापासून केवळ पाच जण तोरुक माक्तो, म्हणजे तोरुकचे स्वार, झाले. तिच्या आजोबांचे आजोबा त्यांतले एक. तोरुक माक्तो मोठ्या दुःखाच्या काळात उभा राहतो आणि विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणतो. तिथे स्वार होणे म्हणजे मालकी मिळवणे नव्हे, जबाबदारी अंगावर घेणे आहे. जेकच्या मुलाच्या पिढीत हीच परंपरा आकाशातून समुद्रात उतरली, तर 'टुलकून रायडर' हे नाव तिला अगदी नेमके बसते. बापाला तोरुक, मुलाला टुलकून, असा हा सरळ धागा आहे.

दुसरे असे, की तिसऱ्या भागात टुलकून शेवटी लढाईत उतरतात. जो कायदा आपण सांगितलात, तो त्यांच्याच सभेत चर्चेला येतो. इतका मोठा बदल घडल्यानंतर माणूस आणि टुलकून यांचे नाते पूर्वीसारखे राहणारच नाही. नवे नाते तर नवा शब्द हवा.

गुहागरचे जुने प्रेक्षक

दोघांचेही म्हणणे वाचले. मला अर्थापेक्षा व्यवहाराबद्दल दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत, कारण आधीची उदाहरणे माहीत असली की वदंतेला किती किंमत द्यायची ते ठरवणे सोपे जाते.

पहिली गोष्ट नावांच्या नोंदणीची. हॉलिवूडमधील निर्माते नावे आगाऊ नोंदवून ठेवतात आणि एकदा नोंद झाली की इतरांना अडचण येते. 'अवतार' याच नावाचे उदाहरण पाहा. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही दूरचित्रवाणी मालिका गाजलेली असूनही २०१० साली तिच्यावर आलेल्या चित्रपटाला नुसते 'द लास्ट एअरबेंडर' असे नाव घ्यावे लागले, कारण 'अवतार' हे नाव कॅमेरॉन यांच्या चित्रपटाकडे होते. तेव्हा एखादे नाव कागदोपत्री सापडले, याचा अर्थ एवढाच की ते हातचे राखून ठेवले होते. ते वापरायचे ठरले आहे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. 'स्टार वॉर्स'च्या १९८३ सालच्या भागाचे जाहीर झालेले नाव 'रिव्हेंज ऑफ द जेडाय' असे होते. ही वदंता नव्हती. भित्तिचित्रे छापून झाली होती, झलक चित्रपटगृहांत दाखवली गेली होती. तरीही डिसेंबर १९८२ मध्ये, प्रदर्शनाला जेमतेम पाच महिने उरले असताना, जॉर्ज लुकास यांनी ते 'रिटर्न ऑफ द जेडाय' केले. कारण एकच होते : जेडाय सूड घेत नाहीत. ज्या पंथाची सारी शिकवण सूडाच्या विरुद्ध आहे, त्याच्या नावाला सूड चिकटवणे त्यांना चुकीचे वाटले आणि छापलेला माल बाजूला ठेवून त्यांनी चूक दुरुस्त केली. त्या आधीच्या नावाचा परिणाम आणखी एका चित्रपटावर झाला. १९८२ च्या 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या भागाचे ठरलेले नाव 'द व्हेंजन्स ऑफ खान' होते. दोन्हींत सूडच येतो म्हणून ते 'द राथ ऑफ खान' करण्यात आले.

हर्णैच्या ताईंचा आक्षेप नेमका लुकास यांच्या आक्षेपासारखा आहे. टुलकूनचा जो धर्म चित्रपटाने सांगितला, त्याच्याशी नाव विसंगत आहे की नाही, हाच प्रश्न आहे. आणि छापून झालेले नावसुद्धा अशा कारणाने बदलते, तर न ठरलेले नाव बदलायला कोणती अडचण असणार?

अलिबागकर

मला थोडक्यात एक व्यावहारिक शंका आहे. ज्याने दुसरा भाग पाहिलेला नाही त्याला टुलकून म्हणजे काय, हेच ठाऊक नसते. पाणी, आग आणि राख या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. चौथा आणि पाचवा भाग निघणे हे तिसऱ्या भागाच्या कमाईवर अवलंबून असल्याचे कॅमेरॉन स्वतः म्हणत आले आहेत. अशा वेळी शब्दकोश घेऊन बसावे लागेल असे नाव कोणताही निर्माता फलकावर लावणार नाही.

शिरगाव, रत्नागिरी

मत्स्यशास्त्राच्या शिक्षणामुळे माझे बरेच दिवस बंदरावर आणि होड्यांवर गेले आहेत, म्हणून या प्रश्नाकडे मी किनाऱ्यावरून पाहते.

आपल्याकडे व्हेलला देवमासा म्हणतात, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या प्राण्याशी आपल्या कोळी-गाबितांचा संबंध येतो तो बहुतेक वेळा जाळ्यामुळे. मोठा जीव जाळ्यात आला की तांडेलापुढे, म्हणजे होडीच्या प्रमुखापुढे, दोनच वाटा असतात. जाळे वाचवायचे तर जीव जातो, जीव वाचवायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे कापणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कर्ज काढून जाळी विणून घेतली आहेत त्यालाच कळते. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. योजना चांगलीच आहे. पण होडीवर मी जे पाहिले आहे ते असे : कोयता हातात घेतलेला माणूस भरपाईचा हिशेब करत नसतो. तो काठावर ओणवा होतो, एका हाताने दोर ताणून धरतो, दुसऱ्या हाताने जाळ्याची आस (घरे) एकेक करून कापत जातो, आणि कासव किंवा गादा (डॉल्फिन) सुटून खाली गेला की क्षणभर कोणी बोलत नाही, मग तांडेल इंजिन सुरू करायला सांगतो. पाठीवर बसण्याची कल्पनाही तिथे कोणाच्या मनाला शिवत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले, तेव्हा गावकरी आणि सरकारी माणसे दीड-दोन दिवस राबली. त्याला पाणी मारत राहिले, पट्टे लावून ओढले, भरतीची वाट पाहिली, एकदा ते समुद्रात गेलेही. ते वाचले नाही, याची हळहळ आजही रत्नागिरीत ऐकू येते.

आणि हर्णैच्या ताईंनी अम्रिताचा उल्लेख केला म्हणून सांगते : आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या येतात, त्या वाचताना मला दर वेळी ते शिकारी जहाज आठवते. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा तो अंबर अत्तरांसाठी मोलाचा मानला जातो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो जवळ बाळगणेही आपल्याकडे गुन्हा आहे. एवढ्या मोठ्या जिवाची किंमत बाजार एका गोळ्यावर किंवा एका कुपीवर ठरवतो. चित्रपटाने ही गोष्ट फार अचूक पकडली. म्हणूनच नावात माणूस वर आणि टुलकून खाली असू नये, या मताशी मी सहमत आहे.

वेंगुर्ल्याहून

मला वाटते, स्वार म्हणजे लोआकच, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे आणि तिथेच गफलत होत आहे.

तिसऱ्या भागाचे निवेदन लोआकच्या तोंडी आहे. त्याचा अपराधभाव, पायाकानसाठी त्याची धडपड, वडिलांशी त्याचे बिनसणे आणि जुळणे, हे सगळे त्या भागात बऱ्याच अंशी पूर्णत्वाला गेले. चौथ्या भागाच्या कथेत काही वर्षांची उडी आहे, असे निर्माते जॉन लँडाऊ यांनी २०२४ मधील आपल्या निधनापूर्वी सांगून ठेवले होते. मुले वयाने मोठी दिसू लागण्याआधी हवे ते प्रसंग मिळावेत, म्हणून चौथ्या भागाचा आरंभीचा अंश आधीच चित्रित केल्याचेही सांगितले गेले आहे. म्हणजे उडीनंतर आपल्याला मोठी झालेली मुले दिसणार. अशा कथेला लोआकच्या जुन्या ओळखीवरून नाव देणे मला मागे पाहिल्यासारखे वाटते. २०१८ साली, जेव्हा तिसऱ्या भागासाठी 'द सीड बेअरर' हे नाव विचाराधीन होते, तेव्हा कदाचित टुलकूनची लढाई चौथ्या भागासाठी राखलेली असेल. ती आता तिसऱ्यात होऊन गेली. हा माझा तर्क आहे, पण नावे बदलली त्याअर्थी कथेची वाटणीही बदलली असणे शक्य आहे.

आणखी एक निरीक्षण. 'पाण्याच्या वाटेला आरंभ नाही आणि अंत नाही' हे वचन दुसऱ्या भागात सिरेया ही मेटकायना मुलगी शिकवते. 'फायर अँड ॲश'विषयी कॅमेरॉन यांनी सांगितले होते, की आग म्हणजे द्वेष, संताप, हिंसा आणि राख म्हणजे त्यातून उरणारे दुःख. दोन्ही नावे एखाद्या पात्राची नाहीत. ती एका विचाराची आहेत, आणि तो विचार चित्रपटातल्या सगळ्यांना लागू पडतो. तिसऱ्या भागातल्या खलनायिका वारांगलाही आणि नेतिरीलाही. 'टुलकून रायडर' हे एका व्यक्तीचे नाव आहे. या माळेत ते ओवले जात नाही.

मालवणकर

वेंगुर्ल्याच्या मित्रांनी माळेचा मुद्दा चांगला मांडला, पण माळ दोनच मण्यांची आहे, तिला नियम म्हणता येणार नाही. पाचव्या भागासाठी आलेले 'द क्वेस्ट फॉर एवा' हे नावही त्या माळेत बसत नाही, आणि त्याविषयी कोणी तक्रार केलेली मी वाचली नाही. अलिबागकरांना एवढेच सांगेन, की पहिला भाग आला तेव्हा ना'वी हा पँडोरावासीयांसाठीचा शब्द कोणाला ठाऊक होता? प्रेक्षक शिकतात. टुलकून हा शब्द आज आमच्या आठ वर्षांच्या भाच्यालाही येतो.

रत्नागिरीच्या ताईंच्या लेखनाने मात्र मला विचार करायला लावले. आमच्याकडे तारकर्लीला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होड्या नेतात. काही होड्या कळपाच्या मागे लागतात, इंजिनाचा आवाज वाढवतात, दोन-तीन बाजूंनी घेरतात, आणि जाणते नावाडी त्यांना ओरडून मागे बोलावतात. चांगला नावाडी इंजिन बंद करून थांबतो; गाद्याला वाटले तर तो येतो. मला 'रायडर'मध्ये दुसऱ्या प्रकारचा माणूस दिसत होता, आपल्याला पहिल्या प्रकारचा दिसतो. नाव दोन्हींना वाट देते, हे मला मान्य करावे लागेल. तरीही तोरुकचे उदाहरण आपण कोणीच खोडलेले नाही.

हर्णैची वाचक

तोरुकचे उत्तर द्यायचे राहिले होते, ते देते.

जेक तोरुकवर कसा बसतो? त्याच्या वर कोणी शिकारी नाही, म्हणून तो कधी वर पाहत नाही, हे हेरून जेक इक्रान या आपल्या उडत्या वाहनावरून त्याच्या पाठीवर उडी घेतो. तोरुकला कोणी विचारलेले नसते. तो प्रसंग शौर्याचा आहे आणि पडद्यावर तो पाहताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण लढाई संपल्यावर काय होते, तेही त्याच चित्रपटात आहे : तोरुक माक्तोची गरज उरलेली नाही, असे सांगून जेक त्याला मोकळे सोडतो. म्हणजे स्वारी हा संकटातला अपवाद होता आणि संकट टळल्यावर तो संपवणे हा सन्मानाचा भाग होता, हे पहिल्याच भागाने ठरवून दिले आहे. तिसऱ्या भागात जेकला पुन्हा तोरुककडे जावे लागते, तेव्हा घरात त्याचा आनंद कोणालाच नसतो. मालवणच्या दादांनी म्हटलेली जबाबदारी हीच असेल, तर ती मला पूर्ण मान्य आहे. मात्र तोरुक हा बोलू न शकणारा शिकारी पक्षी आहे आणि टुलकून बोलतो. पायाकान लोआकला आपली हकीकत सांगतो, नको त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाकारतो, आणि जेव्हा दाखवायचे ठरवतो तेव्हा त्याला आपल्या तोंडात घेऊन मनाशी मन जोडू देतो. ज्याला नकार देता येतो त्याच्याशी असलेल्या नात्याला तोरुकच्या नात्याचे नाव पुरणार नाही.

गुहागरच्या काकांनी जेडायचे उदाहरण दिल्याबद्दल त्यांचे विशेष आभार. अलिबागकरांच्या शंकेत तथ्य आहे, पण नाव सोपे असावे म्हणून ते बदलावे, असे मी म्हणणार नाही. 'टुलकून' हा शब्द नावात राहिला तर मला आनंदच होईल. माझी तक्रार फक्त दुसऱ्या शब्दाबद्दल आहे.

शिरगाव, रत्नागिरी

मग नाव कोणते असावे, असे आपल्याला वाटते? आक्षेप घेतल्यावर पर्यायही सुचवायला हवा.

हर्णैची वाचक

टुलकूनचे गाणे, किंवा त्यांचा कायदा, यांपैकी काहीतरी नावात यावे, असे मला वाटते. कायदा मोडून ते लढाईत उतरले. आता त्या मोडलेल्या कायद्याचे ते काय करणार, हा प्रश्न तिसऱ्या भागाने अनुत्तरित ठेवला आहे आणि चौथ्या भागाने तोच पुढे न्यावा अशी माझी फार इच्छा आहे. ज्यांनी कधीच मारले नव्हते त्यांच्या पिल्लांना आता कोणती गाणी शिकवली जातील?

मालवणकर

हा प्रश्न मला नावापेक्षाही मोठा वाटतो. माझे मत अजून बदललेले नाही, पण अधिकृत घोषणा होईपर्यंत मी 'टुलकून रायडर' न लिहिता 'चौथा भाग' असेच लिहीन, आणि इतरांनीही तसेच करावे, अशी विनंती करतो. न ठरलेल्या नावावरून कथा रचत बसलो, तर प्रत्यक्ष चित्रपट पाहताना आपण आपलीच कथा शोधत राहू.

हर्णैची वाचक

दादा, ही विनंती मला मान्य आहे आणि धाग्याच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह त्यासाठीच ठेवले आहे. माझ्याकडूनही एक गोष्ट कबूल करते. उद्या हेच नाव अधिकृत झाले आणि चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात एखाद्या टुलकूनने आपल्या सोबत्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे स्वतः ठरवलेले दाखवले, तर माझा आक्षेप मी मागे घेईन. आतापर्यंत त्यांना आपण काय म्हणायचे एवढीच चर्चा झाली. ते आपल्याला काय म्हणतात, ते मला ऐकायचे आहे.